पायाखालचा रंग

(दृश्य: आंजर्ले खाडी. काठाला लावलेल्या नौका.)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा हर्णैच्या नौका इथे खाडीत आसऱ्याला येतात. बंदी सरत आली की रंगाचे डबे उघडतात. नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, नाव, कडेला पट्टे, देवाचं चित्र. त्यात कुणी हात आखडता घेत नाही. आपण बघणार आहोत तो रंग मात्र काठावरून दिसतच नाही.

(दृश्य: डेकवरून फिरणारा हात.)

फायबरचा डेक. जाळी आणि क्रेट ओढून ओढून गुळगुळीत झालेला. त्यावर खवले, डिझेल, पाणी सांडलं की पाय ठरत नाही. म्हणून इथला रंग खरखरीत हवा.

आधी गोड्या पाण्याने धुवायचं. मीठ राहिलं तर ते रंगाखाली ओल धरतं, मग फोड येतात. नंतर थिनरने तेलकटपणा पुसायचा आणि मगच ८० नंबरचा पॉलिशपेपर मारायचा. घाईत आधी घासलं, तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. झाकणांच्या कडा, दोर बांधायचे खुंट, पाणी जायची भोकं टेप लावून सोडायची. तिथे खरखर असली की घाण साचते.

(दृश्य: चाळणीतून पडणारी वाळू, जवळून.)

प्रायमर वाळलाय. त्यावर रंगाचा पहिला हात, आणि तो ओला असतानाच वाळू. समोर एवढा किनारा पसरलाय, तरी ही वाळू विकतची आहे: धुतलेली, सुकवलेली, एकसारख्या दाण्याची. किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ असतं, शिंपल्यांचा चुरा असतो. खालचा रंग दिसेनासा होईपर्यंत टाकायची. हात राखून भुरभुरली तर ठिगळं दिसतात.

वाळल्यावर सुटी वाळू झाडून घ्यायची. वर रंगाचा दुसरा हात, दाणे बांधून ठेवायला. तो पातळच हवा. दाणे बुडले तर डेक पुन्हा गुळगुळीत. रंग फिका राखाडी, म्हणजे उन्हात पाय भाजत नाहीत.

(दृश्य: ताडपत्री, वर पाऊस.)

या दिवसांत खरा शत्रू दमट हवा. डेक थंड असला की त्यावर दव धरतं आणि रंग चिकटत नाही. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, तळहात टेकवून बघतो, मगच डबा उघडू देतो.

(दृश्य: जाळं ओढणारे खलाशी, रात्र.)

घसरून पाण्यात गेलेल्या खलाशांच्या बातम्या या किनाऱ्याला नवीन नाहीत. यातले बरेच जण नेपाळहून कामाला आलेले.

(दृश्य: शेजारची नौका.)

इथे नाळेवर रंगाचा तिसरा हात चाललाय. डेक कालच उरकला म्हणे, साध्या चकचकीत ऑइलपेंटने.