३६ तासांचं स्पॅनिश

(दृश्य: वर्गातलं वेळापत्रक)

आठवड्याला ३० मिनिटांच्या दोन तासिका. शाळेचे ३६ आठवडे धरले, तर प्राथमिकच्या मुलांना वर्षात स्पॅनिश मिळतं ३६ तास. जेमतेम दीड दिवस! आखणी इथूनच सुरू करायची. ७२ तासिकांपैकी ६०च हाती धरा; बाकीच्या सुट्ट्या, परीक्षा आणि कार्यक्रमांच्या तालमी खातात.

नवे शब्द पाच, तेही एका तासिकेआड. मधली तासिका त्याच शब्दांची. वर्षअखेरीस १५० शब्द होतात. थोडे वाटतात, पण दर तासिकेला दहा ओतले तर सहाशे शब्द वहीत जातात आणि तोंडात मोजकेच येतात.

(दृश्य: लाल पुस्तक, लाल टेबल)

घोळ होतो रंगांपाशी. यादी मुलं दोन तासिकांत घडाघडा म्हणतात, म्हणून शिक्षकही खूश. मग वाक्य येतं. लाल पुस्तक 'एल लिब्रो रोखो', लाल टेबल मात्र 'ला मेसा रोखा', कारण लिब्रो पुल्लिंगी आणि मेसा स्त्रीलिंगी. सुटं 'रोखो' घोकलेलं मूल इथे हमखास चुकतं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून नाम 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) जोडूनच द्यावं आणि रंग नामासोबत. हात म्हणजे 'ला मानो': शेवटी सहसा पुल्लिंगी असणारा ओ, तरी स्त्रीलिंगी. कारण शोधत बसू नये. भिंत स्त्रीलिंगी का, हे मराठीत तरी कोण सांगतं?

अंकांत १ ते १५ची नावं सुटी पाठ करावी लागतात. १६पासून जोडणी दिसते: 'दिएसिसेइस', दहा आणि सहा. म्हणून आधी १० पर्यंत, काही आठवड्यांनी १५ पर्यंत, आणि ३१ पर्यंतचे अंक तारखा-वाढदिवसांसोबत. साठ 'सेसेंता' आणि सत्तर 'सेतेंता' एकाच आठवड्यात आणले, तर गोंधळ ठरलेला.

'मे गुस्ता'ला मात्र मराठी मुलांना फार वेळ लागत नाही. मला पुस्तक आवडतं, पुस्तकं आवडतात: 'मे गुस्ता एल लिब्रो', 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. घडण तीच. इथे वाचलेल्या तासिका वय सांगण्यावर घालाव्यात, कारण 'तेंगो ओचो आन्योस'चा शब्दशः अर्थ 'माझ्याकडे आठ वर्षं आहेत' असा होतो, आणि मुलं तिथे अडखळतात.

(दृश्य: चित्रांचे पत्ते)

दर आठवी तासिका कोरी ठेवा. जुने दहा पत्ते उलटे मांडून एकेक उचलायला सांगा. निम्म्या वर्गाला सातसुद्धा ओळखता आले नाहीत, तर पुढचा धडा एक आठवडा थांबतो.