विसोझाची स्वस्ताई कुठून येते

मित्रहो, परदेशी राहण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न खर्चाचा येतो, आणि तो रास्तच आहे. संशोधनाच्या निमित्ताने मी ब्राझीलमधल्या विसोझा या गावात राहिलो. आपल्याकडच्या मुलामुलींनी अशा गावांचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे. पण तिथली स्वस्ताई कशातून येते हे आधी समजून घ्या. मोबाइल, लॅपटॉप, चांगले बूट तिथे आपल्यापेक्षा महाग पडतात, कारण आयात मालावर जबर कर आहे. पैसे वाचतात ते सार्वजनिक गोष्टींमुळे. विद्यापीठ सरकारी, दवाखाना सरकारी, आणि गाव एवढं आटोपशीर की गाडी लागत नाही.

विसोझा आहे मिनास जेराइस राज्यात, डोंगराळ भागात. बेलो होरिझॉन्ते ही राज्याची राजधानी सव्वादोनशे किलोमीटरवर. बसने चार-पाच तास लागतात. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. आर्तुर बेर्नार्देस हे इथले भूमिपुत्र. राज्याची सूत्रं त्यांच्या हाती असताना त्यांनी इथे शेती आणि पशुवैद्यकाची शाळा काढायचं ठरवलं. पुढे ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि 1926 साली, त्यांच्याच कारकिर्दीत, ती शाळा सुरू झाली. उभारणीसाठी फ्लोरिडाहून पीटर हेन्री रॉल्फ्स या कृषितज्ज्ञांना बोलावलं होतं. विद्यापीठाच्या मुख्य रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. 1969 मध्ये ते केंद्र सरकारचं विद्यापीठ झालं. प्रवेशाशी चार खांब आहेत, पण अडवणारं कुणी नाही. संध्याकाळी सगळं गाव आत तळ्याकाठी फिरायला येतं. आजी-आजोबा, सायकली घेतलेली पोरं, व्यायाम करणारे, सगळे. मला त्या गावाची खरी श्रीमंती हीच वाटते.

ब्राझीलच्या 1988 च्या राज्यघटनेने सरकारी संस्थांमधलं शिक्षण मोफत ठेवलं आहे. पदवीला फी नाही, एम.एस्सी. आणि पीएच.डी.लाही नाही, आणि प्रवेश मिळाला की परदेशी विद्यार्थ्यालाही तोच नियम. 2023 मध्ये केंद्राची शिष्यवृत्ती वाढून एम.एस्सी.साठी महिना 2,100 रियाल (हे ब्राझीलचं चलन) आणि पीएच.डी.साठी 3,100 रियाल झाली. साओ पावलोसारख्या महानगरात या पैशात फार ओढाताण होते. विसोझात एकटा माणूस नीट राहू शकतो.

दवाखान्याचंही तसंच. 'सुस' ही त्यांची सार्वजनिक आरोग्यव्यवस्था. तिचा कायदा 1990 चा. तुम्ही कुठल्या देशाचे आहात यावर उपचार अडत नाहीत. राहायला गेल्यावर काही दिवसांत आमच्या दारावर एक बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. वस्तीतल्या प्रत्येक घराची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. घरात कोण कोण राहतं, वयं काय, कुणाला रक्तदाब-साखर आहे का, लशी कुठल्या झाल्यात, सगळं त्यांनी उभ्या उभ्याच लिहून घेतलं. मग मागच्या अंगणात जाऊन कुंड्यांखालच्या बशा उलट्या केल्या, डेंग्यूचे डास होऊ नयेत म्हणून. त्यानंतर त्या नेमाने येत राहिल्या. आपल्या आशाताईंचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं मोल कळेल. तज्ज्ञ डॉक्टरांसाठी मात्र थांबावं लागतं, कधी कधी महिनोन् महिने. घाईचं असेल तर लोक पदरचे पैसे घालून खासगीत जातात, तेव्हा थोडी गंगाजळी हवीच. आणि एक लक्षात ठेवा: पिवळ्या तापाची लस घेऊन तिचा दाखला जवळ ठेवा. ब्राझीलहून भारतात उतरताना तो मागतात, आणि नसेल तर विलगीकरणात बसवू शकतात.

आता जेवण. आपल्या माणसाला याचीच सर्वांत जास्त काळजी असते. रोजचं ताट म्हणजे भात आणि घेवड्याची उसळ. अकराच्या सुमाराला गल्लीत घरोघरी कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. मिनासच्या लोकांचं भेंडीवर प्रेम आहे. कोंबडी आणि भेंडी हा तिथला मानाचा पदार्थ, सोबत मक्याच्या पिठाचा मऊ घाटा. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर भेंडी तिथे पोचली. त्या स्वयंपाकातलं पुष्कळसं त्यांच्याच हातचं आहे, हे जेवताना आठवावं. फणस झाडाखाली पडलेले दिसतात, आंबे रस्त्याकडेला लागतात, हळदही मिळते. कोथिंबीर मात्र सहज मिळत नाही, तिथे पार्सली आणि कांद्याची पात घालतात. कढीपत्ता विसराच. शाकाहारी माणसाने उसळ वाढून घेण्याआधी विचारावं, कारण फोडणीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते. मला सगळ्यांत आवडायची ती किलोवर मिळणाऱ्या जेवणाची सोय. ताट घ्या, हवं ते वाढून घ्या, शेवटी ताट काट्यावर ठेवा आणि वजनाप्रमाणे पैसे द्या. भाज्या, भात, उसळ घेणाऱ्याला ते परवडतं. विद्यापीठाच्या खानावळीत तर विद्यार्थ्यांना नाममात्र दरात दोन वेळा भरपेट जेवण मिळतं.

गावाबाहेर पडलात की कुरणात वशिंड आणि लोंबते कान असलेली गुरं दिसतील. ती आपली गीर! गीर, काँक्रेज, ओंगोल या जाती भारतातून तिकडे गेल्या आणि त्यांनी त्या देशाचं पशुधन घडवलं. आपल्याच गाईंवर तिथे किती चिकाटीने निवड-पैदाशीचं काम झालंय, हे पशुविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जाऊन बघायलाच हवं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. विद्यार्थी किंवा नोकरदार म्हणून व्हिसावर गेलात तर पोचल्यापासून 90 दिवसांत फेडरल पोलिसांकडे नोंदणी करायची. त्याआधी करदात्याचा सीपीएफ क्रमांक काढा. त्याच्याशिवाय सिमकार्ड, बँक खातं, घर, काहीच हलत नाही. खातं उघडलं की 'पिक्स' सुरू होतं, आपल्या यूपीआयसारखंच. घरबसल्या परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे, त्याला महिना 1,500 डॉलर उत्पन्न किंवा 18,000 डॉलर शिल्लक दाखवावी लागते.

पोर्तुगीज मात्र शिकावीच लागते. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावतं, पण भाजीवाला, घरमालक, दवाखान्यातली नर्स, बसचा ड्रायव्हर यांच्याशी नाही. निघण्याआधी सहा महिने रोज तासभर द्या. मोडकंतोडकं बोलणाऱ्याला मिनासची माणसं फार सांभाळून घेतात, कॉफी पाजल्याशिवाय सोडत नाहीत. जे भाषा टाळतात ते चार परदेशी लोकांत अडकून पडतात आणि वर्षभरात कंटाळून परततात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं.

घराची गोष्ट शेवटी ठेवली, कारण ती सर्वांत नाजूक आहे. करार सहसा 30 महिन्यांचा असतो, मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाच्या हिशेबाने दंड. एजन्सी जामीनदार मागते, आणि परक्या माणसाला जामीन कोण राहणार? त्याऐवजी अनामत चालते का विचारा. कायद्याने ती तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. भाड्यावर इमारतीचा देखभाल-खर्च आणि घरपट्टी वेगळी पडते, ती आधी विचारून घ्या. नवख्याने सुरुवात विद्यार्थ्यांच्या सामायिक घरातून करावी. त्याला तिथे रेपुब्लिका म्हणतात. तिथे जामीन लागत नाही आणि भाषा आपोआप येते.

आणि एक विनंती. विद्यापीठाजवळच्या खोल्यांची चणचण आधीच आहे. डॉलरमध्ये कमावणारा माणूस येतो, सांगितलेलं भाडं बिनघासाघीस देतो, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या खेड्यातून शिकायला आलेल्या शेतमजुराच्या मुलीला तीच खोली परवडेनाशी होते. मोफत विद्यापीठ तिच्यासाठीच तर उभारलंय. तेव्हा खोली ठरवण्याआधी त्याच गल्लीतल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना ते किती भाडं देतात ते विचारा, आणि त्यावर एक रियालही चढवू नका.