गालातल्या गाठीत लपलेले जंतू

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात वागळे इस्टेटला दातांचा दवाखाना चालवते. परवा एक रिक्षावाले काका आले, म्हणाले डॉक्टर, केळंसुद्धा मोडून खावं लागतं हो हल्ली. म्हटलं तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा, तर दोनच गेली. गालात जिथे ते वर्षानुवर्षं तंबाखू धरतात तिथंच पांढरा चट्टा आणि मधे न भरलेली जखम. तुकडा तपासायला पाठवलाय.

काकांनी विचारलं, हे जंतूंमुळे होतं का, हिरड्या सुजल्या की मेडिकलवाला ती मेट्रोनिडाझोल, म्हणजे जंतू मारायची गोळी, देतो तीच घेऊ का? प्रश्न साधा वाटला तरी साधा नाहीये बघा. कॅन्सर करते ती तंबाखू आणि सुपारी, ते पक्कंच, पण गाठ झाली की तिच्या आत खरंच बॅक्टेरिया राहतात, हिरड्यांच्या आजारात सापडतो तो फ्युसोबॅक्टेरियम त्यात बऱ्याचदा असतो. तो सगळीकडे सारखा पसरत नाही, कोपऱ्याकोपऱ्यात घोळके करून बसतो, आणि 2022 मध्ये तोंडाच्या आणि आतड्याच्या गाठी तपासल्या तेव्हा दिसलं की जिथे हे घोळके तिथे रक्तवाहिन्या कमी आणि आपल्या टी सेल, म्हणजे कॅन्सरला मारणारे शिपाई, तेही कमी.

आणि जे शिपाई तिथे असतात तेही गप्प का बसतात, त्याचं एक कारण जेरुसलेमच्या संशोधकांनी 2015 ला दाखवलं होतं. आपल्या मारेकरी पेशींवर टिजिट नावाचा एक ब्रेक असतो, या जंतूच्या अंगावरचं फॅप टू नावाचं प्रोटीन नेमकं तोच ब्रेक दाबतं. पेशी समोर असून हात उचलत नाही. मला हे फार अस्वस्थ करतं.

बरं, उंदरांमधल्या आतड्याच्या गाठी मेट्रोनिडाझोलने हळू वाढल्या हेही खरंय, पण 2024 ला लंडनहून उलटंच आलं, डोक्यामानेच्या कॅन्सरमध्ये हाच जंतू ज्यांच्यात सापडला ते पेशंट जास्त जगले! म्हणून सांगते, तोंडाच्या कॅन्सरवर ही गोळी उपचार नाही, आणि स्वतःच्या मनाने घेऊन तीन आठवडे काढले तर तेवढे तीन आठवडे गाठ वाढते.

ऐकता ऐकता तुमचीही तीन बोटं घालून बघा. काकांचा रिपोर्ट गुरुवारी आहे, काकूंना घेऊन या म्हटलंय, आणि खारघरच्या टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर हॉस्पिटलसाठी चिठ्ठी मी आधीच लिहून ठेवलीय.