‘द लास्ट वॉल्ट्झ’ : नजर जरा कडेला ठेवा

(काळा पडदा. पांढरी अक्षरं.)

चित्रपट सुरू होण्याआधीच हुकूम सुटतो : आवाज मोठा ठेवा. थिएटरवाल्यालाच सांगितलेलं आहे हे. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘द लास्ट वॉल्ट्झ’, म्हणजे एका रॉक कार्यक्रमाचं चित्रण, १९७८ साली आला, आणि अजूनही अधूनमधून कुठल्या ना कुठल्या थिएटरात पुन्हा लागतो. घरी तो केव्हाही बघता येतो म्हणा. पण घरी हा हुकूम पाळायचा कुणी? भिंतीपलीकडे शेजारी असतात.

आपल्याकडे मैफल भैरवीनं संपते. इथं भैरवीच आधी. रात्रीचं शेवटचं गाणं सगळ्यात पहिलं दाखवलंय. वाजवणारे दमलेत, समोरचे मात्र उठायला तयार नाहीत.

तारीख २५ नोव्हेंबर १९७६, थँक्सगिव्हिंगचा दिवस. गाव सॅन फ्रान्सिस्को, जागा विंटरलँड हे सभागृह. ‘द बँड’ या पाच जणांच्या बँडचा हा निरोपाचा कार्यक्रम. चौघे कॅनडाचे, ड्रम वाजवणारा लेव्हन हेल्म तेवढा अमेरिकेतल्या आर्कान्सॉचा. सोळा वर्षं गावोगाव वाजवून झालं होतं. आयोजक बिल ग्रॅहॅमनं पाच हजार लोकांना आधी टर्कीचं जेवण घातलं, मग गाणं.

(मंच. लाल पडदे, झुंबरं.)

नेपथ्य आणलं होतं सॅन फ्रान्सिस्को ऑपेराच्या ‘ला त्राव्हियाता’ या संगीतिकेचं. कॅमेरे सात, तेही ३५ मिलिमीटरचे. रॉकच्या कार्यक्रमाला तेव्हा एवढा सरंजाम कुणी मांडत नसे. स्कॉर्सेसीनं प्रत्येक गाण्याची ओळ न् ओळ कागदावर घेतली होती : कुठल्या शब्दाला कुठला कॅमेरा, कुठला दिवा.

आणि तरी सगळ्यात भारी तुकडा हाताला लागला तो गफलतीतून.

पाहुणे गायक मडी वॉटर्स मंचावर आले तेव्हा कॅमेऱ्यांची रिळं बदलायची वेळ झाली होती. सगळे थांबले. एकटा लास्लो कोवाच चित्रण करत राहिला. हेडफोनवर दिग्दर्शकाचा सततचा आरडाओरडा ऐकून वैतागलेल्या कोवाचनं तो काढूनच ठेवला होता, त्यामुळे थांबायचा आदेश त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणून ‘मॅनिश बॉय’ जवळजवळ सबंध एकाच कॅमेऱ्यातून दिसतं. साठी ओलांडलेला ब्लूजचा हा बुजुर्ग एकेक शब्द ठोकत गातो, आणि कॅमेरा त्याला सोडून हलत नाही. मोठ्या पडद्यावर हा चेहरा बघायचा, बाकी काही नाही.

याला आणखी एक पदर आहे. वेळ कमी पडतोय म्हणून मडी वॉटर्सना वगळायचं घाटत होतं आणि त्यासाठी आपल्याला भांडावं लागलं, असं लेव्हननं आत्मचरित्रात लिहिलंय. ते भांडण आणि तो काढून ठेवलेला हेडफोन, यांतलं एक जरी नसतं तरी हे गाणं पडद्यावर आलं नसतं.

या चित्रपटावर लेव्हनचा राग मात्र शेवटपर्यंत गेला नाही. त्याची तक्रार साधी होती : कॅमेरा बघावं तेव्हा रॉबी रॉबर्टसनवर. रॉबी गिटारवादक, बहुतेक गाण्यांचा गीतकार म्हणून नाव त्याचंच, आणि चित्रपटाचा निर्मातासुद्धा तोच. पण बँडचे मुख्य गाणारे तिघे : लेव्हन, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल. लेव्हनचं म्हणणं अगदी बिनबुडाचं नाही, हे थिएटरात बसलं की कळतं. मुलाखतीतही बोलणारा बहुतेक रॉबीच.

तेव्हा नजर जरा कडेला ठेवा. ‘द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन’ गाताना लेव्हनचे हात ड्रमवर आणि तोंड बाजूच्या माइककडे वळलेलं. गळ्याच्या शिरा मोजून घ्याव्यात. हे गाणं त्यानं पुढे कधी मंचावर गायलं नाही. ‘इट मेक्स नो डिफरन्स’मध्ये डँको जीव तोडून गातो आणि शेवटी ऑर्गनवाला गार्थ हडसन सॅक्सोफोन घेऊन पुढे येतो. एरवी तो दाढी आणि वाद्यांच्या आडच असतो. पाहुणा गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या गिटारचा पट्टा ऐन सुरुवातीला निसटतो. त्याच क्षणी रॉबी सूर उचलतो आणि गाणं पुढे जातं. तिथं मात्र रॉबीला दाद द्यावीच लागते.

(शेवटचं गाणं. मंचावर सगळे पाहुणे.)

आता पाचांपैकी कुणीच नाही. मॅन्युएल १९८६ मध्ये गेला, डँको १९९९, लेव्हन २०१२, रॉबी २०२३, आणि हडसन जानेवारी २०२५ मध्ये.

‘आय शॅल बी रिलीज्ड’ला बॉब डिलन मधोमध आहे, जोनी मिचेल, नील यंग, व्हॅन मॉरिसन आहेत, लेव्हनच्या जोडीला ड्रमवर रिंगो स्टार बसलाय. मॅन्युएल या गर्दीत शोधूनही नीट सापडत नाही. पण आवाज मोठा ठेवला असेल तर सगळ्यांच्या वरून जाणारी एक बारीक, उंच पट्टी ऐकू येते. ती त्याची.