ठिपका कुठे पडला?

नमस्कार श्रोतेहो. आज सायकल अपघातांच्या नकाशाबद्दल बोलू. हॅकेथॉनमध्ये, म्हणजे एकत्र बसून थोड्या वेळात संगणकावर काहीतरी बनवायच्या मेळाव्यात, मंडळी जमतात, पोलिसांकडच्या अपघातांच्या नोंदी संगणकावर घेतात आणि एका अपघाताला एक, असे लाल ठिपके नकाशावर मांडतात. खालचा नकाशा बहुधा ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ पासून लोकांनीच काढत आणलेला, फुकट.

अशाच एका ठिकाणी मी बसलो होतो. एका गटाचा नकाशा पडद्यावर आला, तर ठिपक्यांचा झुबका आफ्रिकेच्या पश्चिमेला, भर समुद्रात! गिनीच्या आखातात सायकल कोण चालवतं? झालं होतं असं, की ज्या नोंदींत जागा कोरी, तिथे संगणकाने शून्य धरलं. आणि शून्य अक्षांश, शून्य रेखांश नेमकं तिथेच येतं. ते ठिपके काढले. मग सगळ्यांत लाल दिसलं एका रुग्णालयाचं फाटक. पोरं लागली सुचवायला: इथे गतिरोधक हवा, सिग्नल हवा!

मागे पेपर टाकणारे एक काका बसले होते. त्यांच्या सायकलला घंटी होती, हे मुद्दाम सांगतो; हल्लीच्या महागड्या सायकलींना घंटीच नसते, आणि मला ते मुळीच पटत नाही. असो. काका म्हणाले, "अरे, तिथे कोणी पडत नाही. पडलेल्याला तिथे आणतात."

नोंदी उघडल्या. जबाब रुग्णालयात घेतलेला, म्हणून पत्ताही रुग्णालयाचाच!

"मग पडतात कुठे, काका?" काका उठले आणि उतारावरच्या एका वळणावर बोट ठेवलं. तिथे एकही ठिपका नव्हता. "गटाराच्या जाळीत चाक अडकतं. माणूस उठतो, हँडल सरळ करतो, जातो. पोलिसांकडे कोण जाणार?"

म्हणून सांगतो, ठिपका नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे. एकट्याने घसरून पडणं पोलिसांच्या नोंदीत क्वचितच येतं. कॅनडात २०१४ साली सुरू झालेल्या बाइकमॅप्स या संकेतस्थळावर तर थोडक्यात वाचलेले लोकही आपली जागा दाखवतात. आणि उलटही ऐका: जिथे सायकली जास्त, तिथे ठिपकेही जास्त. किती सायकली जातात हे मोजल्याशिवाय रस्त्याला नावं ठेवू नका.

तुम्ही नोंद कराल तेव्हा "बाजाराजवळ" एवढंच लिहू नका. कोणत्या चौकातून कुठे वळताना, किती वाजता, रस्ता ओला होता का, तेही लिहा. आणि जबाब कुठे दिला ते नको, पडलात कुठे ते लिहा. नमस्कार.