तपकिरी ते सगळे एकच नव्हे

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘रीफ टाकीतील (म्हणजे प्रवाळाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील) उपद्रवी शेवाळ: ओळख आणि उपाय’ असा छापलेला असला, तरी माझा सगळा जीव ओळखीत अडकलेला आहे, आणि हे ठाऊक असल्यामुळेच संयोजकांनी घड्याळ माझ्या नजरेसमोर ठेवले आहे.

माझी तक्रार जुनीच आहे. या शहरात कोणी वाळूवरच्या तपकिरी थराला घाबरून दुकान गाठले, की थर कसला हे न विचारताच त्याच्या हातात बाटली ठेवली जाते. उपनगरातल्या अशाच एका दुकानात मी उभा असताना एक बाई सांगत होत्या, ‘‘काका, सकाळी वाळू स्वच्छ असते, दुपारपर्यंत खडकावर शेंबडासारखे धागे लोंबायला लागतात, त्यांत बुडबुडे असतात, आणि माझ्या गोगलगायी एकेक करून मरताहेत.’’ निदान त्या एका वाक्यातच पुरे झाले होते. दुकानदाराने मात्र ‘‘ताई, पाणी घाण झालंय’’ असे म्हणून फॉस्फेट शोषणारी भुकटी दिली आणि अर्धे पाणी बदलायला सांगितले. वास्तविक त्यांच्या टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचे खाद्य, दोन्ही शून्य होते, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमानही होता. (इथे ज्यांनी मान डोलावली, त्यांच्या टाक्या मला एकदा पाहायच्या आहेत.)

ते डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे पोहणारे एकपेशी सूक्ष्मजीव, होते. इतर शेवाळ आणि जीवाणू उपाशी पडले, की मोकळी जागा हे बळकावतात. म्हणजे भुकटीने रोग्याला नव्हे, रोगाला खुराक मिळाला. खात्री करायची रीत सोपी आहे. थोडा थर टाकीच्याच पाण्यात घालून बाटली जोरात हलवावी, कॉफीच्या गाळणकागदातून गाळून ते पाणी उजेडात ठेवावे; तासाभरात पुन्हा धागे जमले, तर डायनो समजावेत. मुलांच्या खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकाखालीही ऑस्ट्रिऑप्सिस या डायनोच्या थेंबाकृती पेशी घाण्याच्या बैलासारख्या एकाच खुंट्याभोवती फिरताना दिसतात.

याउलट नव्या टाकीतली तपकिरी पूड बहुधा डायटम या एकपेशी शेवाळाची असते. त्यांचे कवच सिलिकाचे असते, आणि आपल्या तलावांचे पाणी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून येत असल्यामुळे ते प्यायला उत्तम असले, तरी सिलिका घेऊनच नळाला येते. आरओ गाळणीच्या पुढे डीआय, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारी राळ, जोडून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे माप) शून्यावर आणावा आणि वाट पाहावी. पूड आपोआप ओसरते. लाल-जांभळा, सोलून निघणारा पापुद्रा सायनोचा असतो, आणि ते मुळात शेवाळ नसून जीवाणू आहेत.

संयोजकांची चिठ्ठी आली. उपाय आता भराभर सांगतो.

डायनोंसाठी नायट्रेट 5 पीपीएमच्या (म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएमच्या आसपास आणावे. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, म्हणून त्याला यूव्ही दिवा लागू पडतो. अँफिडिनियम हा दुसरा डायनो वाळूतच राहतो, त्याच्यावर यूव्हीचा खर्च वाया जातो, तिथे सिलिकेट घालून डायटमना मुद्दाम वाढवावे, म्हणजे ते त्याची जागा घेतात. सायनो नळीने शोषून काढावा, प्रवाह वाढवावा आणि प्रतिजैविक अगदी शेवटी वापरावे. केसाळ हिरवे शेवाळ आधी हाताने उपटावे आणि मग गोगलगायी सोडाव्यात; त्या टाकीत फॉस्फेट शून्य दिसले तरी फसू नये, कारण ते शेवाळानेच खाल्लेले असते. शेवाळाचा आकार पिसासारखा असेल तर ते ब्रायॉप्सिस. त्याला फ्लुकोनाझोल हे बुरशीनाशक औषध लिटरला सुमारे 5 मिलिग्रॅम द्यावे आणि तेवढा काळ गाळणीतला कार्बन काढून ठेवावा. व्हॅलोनिया या शेवाळाचा प्रत्येक हिरवा फुगा ही एकच पेशी असते. तो न फोडता मुळापासून सोडवावा, उरलेले एमराल्ड खेकड्यावर सोपवावेत.

बाहेरच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला आहे. ज्यांनी डबीत नमुना आणला असेल, त्यांनी चहाच्या आधी यावे. नमुना ताजा असेपर्यंतच पेशी हलताना दिसतात.