पहिल्या मोटोक्रॉससाठी छोटी गाडी

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे मोटोक्रॉस. डांबरी रस्ता सोडून मातीत, चढउतारांवरून, उड्या घेत होणारी मोटारसायकलची शर्यत. नावाजलेल्या खेळाडूंबद्दल आज फार बोलणार नाही. चौदा-पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुली अभ्यास सांभाळून हौसेनं या शर्यतीत उतरतात, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे बोलणं आहे.

घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी किती सीसीची घ्यायची? आणि सल्ला देणारेही ठरलेलेच असतात. "मोठीच घ्या, दोन वर्षांनी पुन्हा खर्च नको." शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, ते ठीक आहे. मोटारसायकल वाढत्या अंगाची घेऊ नये. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी जमिनीला टेकले पाहिजेत आणि आडवी पडलेली गाडी मुलाला एकट्याला उचलता आली पाहिजे. या दोन परीक्षांत बसेल ती गाडी. लहान चणीच्या मुलाला ८५ सीसी. पूर्ण उंचीच्या गाडीवर पाय पुरू लागले की १२५ सीसी टू-स्ट्रोक. २५० सीसी फोर-स्ट्रोक त्यानंतर. आणि ४५० सीसी? नवख्यानं त्या वाटेला जाऊच नये.

"पण छोट्या गाडीत ताकद कुठली?" असं कोणी विचारलं, की मला १९८६ सालची एक शर्यत सांगायचा मोह आवरत नाही.

मोटोक्रॉसमध्ये देशादेशांची एक स्पर्धा असते, मोटोक्रॉस ऑफ नेशन्स. १९४७ साली नेदरलंड्समध्ये ती सुरू झाली. १९८६ ला ती उत्तर इटलीतल्या माज्जोरा गावच्या ट्रॅकवर होती. डोंगरउतारावरचा ट्रॅक, दमवणारे उभे चढ आणि तितकेच उभे उतार. त्या काळी प्रत्येक देशाचे तीन स्वार असत: एक १२५ सीसीवर, एक २५० वर, एक ५०० वर. आणि गंमत अशी, की प्रत्येक फेरीत दोन गट एकत्र सोडत. म्हणजे एका फेरीत १२५ आणि ५०० सीसीच्या गाड्या शर्यत सुटण्याच्या एकाच गेटवर, शेजारी शेजारी उभ्या!

अमेरिकेच्या संघात ५०० वर डेव्हिड बेली, २५० वर रिक जॉन्सन आणि १२५ वर जॉनी ओ'मारा. संघाचा कारभार रॉजर डी कोस्टर या बेल्जियन माणसाकडे. हा स्वतः ५०० सीसीचा पाच वेळचा जगज्जेता, त्यामुळे कुणाला कुठल्या गाडीवर बसवायचं हे त्याला शिकवायची गरज नव्हती. समोर ब्रिटनचा डेव्ह थॉर्प. ५०० सीसीचा त्या वेळचा जगज्जेता, धिप्पाड गडी. त्याची गाडी होंडाची आणि ओ'माराचीही होंडाचीच. फरक फक्त इंजिनाचा.

हा फरक केवढा, ते जरा नीट ऐका. त्या वेळच्या ५०० सीसी टू-स्ट्रोकला साधारण साठ हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद, १२५ ला पस्तिसेक. आणि १२५ ची ही ताकदसुद्धा सगळीकडे सारखी नाही. इंजिन मिनिटाला साधारण नऊ हजार फेऱ्यांच्या वर फिरत असेल तरच ती जोर लावते. त्याच्याखाली आलं की गाडी नुसती गुरगुरते, पुढे सरकत नाही. उभ्या चढावर ५०० वाला रेस पिळून सुटतो, आणि १२५ वाल्याचा एक गियर चुकला तर त्याची तिथेच गोगलगाय होते.

फेरी सुरू झाली. बेली आघाडीवर गेला. आणि मागून १२५ वरचा ओ'मारा ५०० च्या गाड्यांना एकामागून एक गाठत आला. गाठता गाठता थॉर्पपर्यंत पोहोचला. आणि श्रोतेहो, ओ'मारानं थॉर्पला मागे टाकलं. १२५ वाल्यानं ५०० च्या जगज्जेत्याला! फेरी संपली तेव्हा पहिला बेली, दुसरा ओ'मारा. तो करंडक अमेरिकेनंच जिंकला. १९८१ पासून १९९३ पर्यंत सलग तेरा वर्षं त्यांनी तो सोडला नाही, पण जुनी माणसं आठवण काढतात ती या १२५ वाल्या फेरीची.

आता हे घडलं कसं? यात शिकण्यासारखं बरंच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिलं, वजन. १२५ ची गाडी ५०० पेक्षा दहा-पंधरा किलोंनी हलकी. शिवाय तिच्या इंजिनात फिरणारे भागही छोटे, त्यामुळे गाडी वळणात झुकवायला आणि पुन्हा उभी करायला कमी जोर लागतो. हलकी गाडी उशिरा ब्रेक मारूनही थांबते. प्रत्येक वळणाला दोन-तीन मीटर उशिरा ब्रेक मारला आणि ट्रॅकच्या एका चकरेत पंधरा-वीस वळणं असली, तर हिशोब तुम्हीच करा.

दुसरं, चाकाची पकड. साठ हॉर्सपॉवर मातीत उतरवायचे कसे? कडक मातीवर ५०० वाल्यानं जरा जास्त रेस दिली की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, माती उडते, बघणाऱ्यांना मजा येते, गाडी मात्र पुढे जात नाही. १२५ वाला त्याच जागी रेस पूर्ण उघडून निघून जातो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: १२५ वाल्याला वेग सोडणं परवडत नाही. एकदा गेलेला वेग परत मिळवायला त्याच्याकडे ताकदच नसते. म्हणून तो वळणात वेग राखायला शिकतो. आतल्या बाजूनं जवळची वाट घेऊन, थांबून, पुन्हा रेस देऊन निघणं त्याला जमत नाही. तो बाहेरच्या बाजूला साचलेल्या मातीच्या बांधावर चाक टेकवतो आणि बांधाच्या आधारानं वेगातच फिरतो. पुन्हा सांगतो: वेग वळणात राखायचा. छोटी गाडी हे सक्तीनं शिकवते आणि मोठी गाडी ही सवय लागूच देत नाही, कारण तिथे प्रत्येक चुकीवर रेस हा उपाय असतो. ४५० वर शिकलेली मुलं सरळ पट्ट्यात वाघ असतात आणि वळण आलं की त्यांची शेळी होते.

हे अंगी लागायला रोज ट्रॅकवर जायला हवं असं नाही. मोकळ्या मैदानात तीसेक मीटरवर दोन खुणा ठेवा आणि दुसऱ्या गियरमध्ये, गियर न बदलता, लांबट गोल फेऱ्या मारा. वळताना टाकीजवळ सरकून बसायचं. बाहेरच्या बाजूचं कोपर वर. बाहेरच्या फूटरेस्टवर दाबून वजन टाकायचं. आतला पाय सरळ पुढे, चाकाच्या दिशेनं. आडवा पसरला तर जमिनीत अडकतो आणि गुडघा पिरगळतो. क्लचवर एकच बोट. इंजिन गुरगुरायला लागलं की क्लच किंचित, अगदी चिमटीएवढा दाबून सोडायचा, इंजिनाच्या फेऱ्या लगेच चढतात. दहा मिनिटं डावीकडून, दहा मिनिटं उजवीकडून. नवख्यांची एक बाजू नेहमी कच्ची असते, बहुतेकदा उजवी, कारण तिकडे वळताना उजवा पाय पुढे जातो आणि मागचा ब्रेक मोकळा राहतो.

ओघात आवाजाचंही बोलतो. गाडी घेतल्याबरोबर सायलेन्सर बदलून कानठळ्या बसवणारा लावायची खोड अनेकांना असते. त्यानं वेग वाढत नाही, शेजारी मात्र वैतागतात, आणि त्यांच्या तक्रारींनी चांगले ट्रॅक बंद पडतात. माझं मत विचाराल तर मूळ सायलेन्सर काढणाऱ्याला गेटवरच उभं करू नये. असो.

आता गाडीच्या तयारीचं थोडक्यात. चेनला तेल, नटबोल्ट आवळणं, हे तुम्हाला माहीतच आहे. जिथे मुलं हमखास फसतात तेवढंच घेतो.

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल. कंपनीच्या पुस्तकात चाळीसास एक म्हटलं असेल तर ५ लिटरला १२५ मिलिलिटर. बत्तीसास एक असेल तर ५ लिटरला १५६. पुन्हा सांगतो, चाळीसास एक म्हणजे १२५, बत्तीसास एक म्हणजे १५६. अंदाजानं ओतू नका, मापाचं भांडं ठेवा. ऑइल विसरलात तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो आणि मागचं चाक एकदम जाम होतं, तेही नेमकं भर वेगात. कॅनवर ऑइल टाकल्याची तारीख लिहा. बिनतारखेचा कॅन गाडीत ओतायचा नाही.

एअर फिल्टर. स्पंजचा फिल्टर प्रत्येक वेळी धुवायचा, पूर्ण वाळवायचा, मग फिल्टर ऑइल लावून पिशवीत हलक्या हातानं दाबायचा, म्हणजे ऑइलचा रंग सगळीकडे सारखा दिसतो. पिळायचा नाही, जोड उसवतात. बसवताना कडेला बोटानं ग्रीसची पातळ कड द्यायची. बसवून झाल्यावर कडेवरून बोट फिरवा. एखाद्या जागी स्पंज दुमडलेला लागला, तर तेवढ्या फटीतून जाणारी धूळ थोड्याच तासांत पिस्टनच्या रिंगा खाऊन टाकते.

आता शॉकअप. याकडे कोणी बघतच नाही. गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. मागच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर मडगार्डवर खूण करून अंतर मोजा. मग मुलाला हेल्मेट-बुटांसकट फूटरेस्टवर उभं करून पुन्हा मोजा. पूर्ण आकाराच्या गाडीला या दोन्हींत साधारण १०० ते १०५ मिलिमीटर फरक हवा. ८५ ला त्याहून कमी, आकडा पुस्तकात असतो. मग मुलाला उतरवून, गाडी स्वतःच्या वजनावर सोडून तिसरं माप घ्या. पहिल्या मापाशी याचा फरक ३० ते ४० मिलिमीटर. आता खरी मेख. स्प्रिंग बहुतेकदा सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसासाठी बसवलेली असते. पन्नास किलोच्या मुलाखाली ती दबत नाही, खड्ड्यातून मागचं चाक लाथ मारतं, आणि लोक म्हणतात पोरगं घाबरतं. पोरगं कशाला घाबरेल, स्प्रिंग कडक आहे! स्प्रिंगवरचा नट नुसता सैल करून १०० चा आकडा आणला, तर तिसऱ्या मापाचा फरक पन्नासच्या पुढे जातो. तसं झालं की स्प्रिंगच बदला.

टायरमध्ये १२ ते १४ पीएसआय हवा. कडक जमिनीला वरचा आकडा, चिखलाला १२ किंवा किंचित कमी. फारच कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटते आणि रिम चेपते.

शर्यतीच्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत हात दगडासारखे कडक होतात, बोटं लिव्हरवरून सुटत नाहीत. कारण एकच, हँडल घट्ट धरून लोंबकळणं. गाडी गुडघ्यांनी टाकीला धरायची, हातांनी फक्त वळवायची. आणि कुंपणापाशी उभ्या आईवडिलांनी ओरडू नये. हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही, फक्त तुमचा हलणारा हात दिसतो आणि नजर ट्रॅकवरून उठते.

झेंड्यांत पिवळा पाठ हवा. हलणारा पिवळा दिसला की पुढे कोणीतरी पडलेलं आहे: वेग कमी, ओव्हरटेक नाही, उडी नाही. उंचवट्यापलीकडे पडलेला स्वार तुम्हाला दिसत नसतो, झेंडेवाल्याला दिसत असतो.

माज्जोराच्या त्या फेरीत पहिला आलेला डेव्हिड बेली जानेवारी १९८७ मध्ये सराव करताना पडला. पाठीच्या कण्याला इजा होऊन त्याचे पाय कायमचे गेले. पुढे २००० साली त्यानं हवाईच्या आयर्नमॅन स्पर्धेत व्हीलचेअर गट जिंकला, पण मोटोक्रॉस तिथेच संपलं. तेव्हा स्टिकर आणि रंगीत किटवर खर्च करण्याआधी हेल्मेट, गुडघ्याचे ब्रेस, छातीचं कवच आणि ताठ, उंच बूट घ्या. नवे बूट घातल्यावर गियरचा आणि ब्रेकचा लिव्हर पायाखाली कळत नाही, म्हणून दोन्ही लिव्हर बुटांच्या मापानं वरखाली करून घ्या आणि आधी सरावाला वापरा. डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचं नाही, मूल "काही झालं नाही" म्हणालं तरी. आणि ते हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी बाद. आतला थर एकदाच दबतो. पट्टा कापूनच टाका, म्हणजे पुढच्या रविवारी दुसरं कोणी ते घालणार नाही. नमस्कार.